जत्रांची यादी: ‘केरी फोंडा’ आता बरोबर उघडतं

गोव्यातल्या जत्रांची यादी पीएचपी या वेबसाइटच्या प्रोग्रामिंग भाषेत करतोय, तिच्यातला गावाच्या नावाचा पॅरामीटर (लिंकमधून सर्व्हरला जाणारी माहिती) या आठवड्यात मार्गी लागला. गावं मी पूर्ण नावानिशी ठेवली आहेत, कारण आपल्याकडे केरी एक नाही: एक फोंड्यात, एक सत्तरीत, एक पेडण्यात. शिवाय ‘तांबडी सुर्ला’ आणि ‘वास्को द गामा’ आहेतच. क्रमांक देऊन भागलं असतं, पण लिंक वाचूनच गाव कळलं पाहिजे हा माझा आग्रह आहे. लिंकमध्ये स्पेस जशीच्या तशी चालत नाही, तेव्हा ती सांभाळणं आलं.

ब्राउझर स्पेसच्या जागी स्वतःच %20 हे तिचं सांकेतिक रूप घालून पाठवतो, म्हणून अडचण उशिरा दिसते. तीच लिंक स्क्रिप्टमधून फाइल-गेट-कन्टेन्ट्स या पीएचपी फंक्शनने मागवली की सर्व्हर बहुधा ४०० (चुकीची विनंती) देतो. एचटीटीपी विनंतीची पहिली ओळ स्पेसनेच तोडलेली असते: आधी मेथड (काय करायचं ते), मग पत्ता, मग एचटीटीपीची आवृत्ती. त्यामुळे पत्ता ‘केरी’पाशी संपतो आणि ‘फोंडा’ आवृत्तीच्या जागी जाऊन बसतो.

पीएचपीत असं सांकेतिक रूप द्यायला, म्हणजे एन्कोड करायला, दोन फंक्शनं आहेत. यूआरएलएन्कोड स्पेसचं + करतं, रॉ-यूआरएलएन्कोड %20 करतं. + ही फॉर्म पाठवण्याची जुनी रीत आहे आणि ती फक्त प्रश्नचिन्हाच्या पुढे चालते. पाथमध्ये, म्हणजे पत्त्याच्या प्रश्नचिन्हाआधीच्या भागात, + म्हणजे निव्वळ अधिक चिन्ह, म्हणजे ‘तांबडी+सुर्ला’ नावाचं वेगळंच गाव शोधलं जाईल. %20 दोन्हीकडे चालतं, म्हणून मी सगळीकडे रॉ वापरायचं ठरवलं. क्वेरी, म्हणजे प्रश्नचिन्हापुढचा भाग, बांधून देणारं एचटीटीपी-बिल्ड-क्वेरी मात्र मुळात + देतं. त्याला चौथ्या आर्ग्युमेंटमध्ये आरएफसी ३९८६ (लिंक कशी लिहायची याचं मानक) चा स्थिरांक द्यावा लागतो, तो विसरू नका.

एन्कोड फक्त किंमत (पॅरामीटरमध्ये भरलेला मजकूर) करायची, अख्खी लिंक नाही. नाहीतर तिरप्या रेघा, प्रश्नचिन्ह, अँपरसँड सगळंच बदलतं. लिंक एचटीएमएलमध्ये छापताना एचटीएमएल-स्पेशल-कॅर्स (एचटीएमएलमधली खास चिन्हं सुरक्षित करणारं फंक्शन) वेगळं लावायचं, ते काम निराळं आहे.

उलट्या बाजूला, म्हणजे लिंक सर्व्हरवर आल्यावर, काहीच करायचं नसतं, आणि माझ्या मते हेच सगळ्यात महत्त्वाचं. गेट अ‍ॅरेमध्ये (आलेले पॅरामीटर पीएचपी जिथे ठेवतं) किंमत आधीच डीकोड होऊन, म्हणजे मूळ रूपात येते. वर पुन्हा यूआरएलडीकोड लावलं तर ‘भजन + आरती’ या कार्यक्रमाच्या प्रकाराच्या नावातलं अधिक चिन्ह गायब होऊन नुसती स्पेस उरते. डेटाबेसमध्ये तो प्रकार सापडत नाही आणि एररही येत नाही. पॅरामीटरच्या नावात स्पेस किंवा टिंब असेल तर पीएचपी तिथे अंडरस्कोर घालतं, म्हणून नावं एकसंध ठेवली.

देवनागरीमुळे लिंक लांबते. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचे तीन बाइट, म्हणजे एन्कोड केल्यावर नऊ अक्षरं. ‘केरी फोंडा’ ८४ अक्षरांचं होतं. मला ते चालतं. बहुतेक ब्राउझर अ‍ॅड्रेस बारमध्ये नाव मराठीतच दाखवतात.

आता शोधपेटी घेतली आहे. मोबाइलचा कीबोर्ड सुचवलेल्या शब्दामागे स्वतःहून स्पेस सोडतो, तेव्हा आधी ट्रिम (कडेच्या स्पेस काढणं) आणि मग मधल्या दोन-तीन स्पेसची एक करणं, एवढं जोडलं. पुढच्या टप्प्यात गावाचं नाव क्वेरीतून काढून पाथमध्ये न्यायचं आहे.