तिच्या भुकेची धास्ती

दुपारी ती नुसती चुळबुळली. रडली नाही, फक्त मूठ तोंडाकडे नेली, आणि माझ्या पायाची बोटं आवळली गेली. स्वतःच्या लेकीची धास्ती वाटते मला. दिवसभर हेच डोक्यात घोळतंय.

पाजताना इतकं दुखतं. आई म्हणते, होतं सुरुवातीला, सवय होते. ताईही तेच म्हणते. स्तनाच्या बोंडांवरच्या भेगांमधून रक्त येतंय आणि सवय होते? रात्री तिला उचलताना मी इतकी रडले की तिच्या टोपऱ्यावर पाणी सांडलं. सगळ्यांना आनंद झालाय, मलाच का नाही, हे कोणाला विचारणार? नवऱ्याला तर नाहीच. जाऊ दे.

सिस्टरनी मात्र सवयीचं नावही काढलं नाही. लेकीनं सोडल्याबरोबर त्यांनी बोंड बघितलं. एका बाजूनं चेपून तिरकं झालं होतं. नुसतं टोक धरतेय, म्हणाल्या. ते कडक टाळूवर घासतं, मागे मऊ टाळूजवळ पोचायला हवं. मग तिचं पोट माझ्या पोटाला चिकटवलं, नाक बोंडासमोर आणलं. डोकं मागून दाबायचं नाही, मानेखाली आधार द्यायचा. बोंड वरच्या ओठाला लावायचं आणि थांबायचं. हे थांबणंच मला जमत नव्हतं. जांभईएवढा मोठा आ केला की तिला पटकन जवळ घ्यायचं, आपण वाकायचं नाही. हनुवटी रुतलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, बोंडाभोवतीचा काळा भाग वरून जास्त दिसणारा. क्षणभर कळ आली आणि ओसरली. मग तिच्या गिळण्याचा आवाज ऐकू आला, बारीक, संथ. असा तो आधी कधी ऐकलाच नव्हता.

पुढच्या वेळी पुन्हा चुकीचं धरलं. करंगळी ओठांच्या कोपऱ्यातून आत घालून सोडवलं, परत लावलं.

डावीकडे गाठ आलीय. आई शेकायची पिशवी घेऊन तयारच. सिस्टर म्हणाल्या, जोरात चोळू नका, सूज वाढते. गार कपडा ठेवा, ती मागेल तसं पाजत राहा. पंपानं मुद्दाम रिकामं करत बसायचं नाही, काढू तेवढं आणखी बनतं. लाली पसरली, ताप आला, तर डॉक्टर. पाजणं तेव्हाही थांबवायचं नाही. आईला पटलेलं नाही. दूध पुरतं का, हा तिचा प्रश्नही आहेच. पाचव्या दिवसानंतर दिवसाला 6 तरी ओले लंगोट हवेत, ते होताहेत, एवढं मी तिला सांगितलं.

पण धास्ती गेलेली नाही. 24 तासांत 8 ते 12 वेळा पाजायचं, म्हणजे तितक्या वेळा घाबरायचं. गंमत अशी की तिचा आवाज कानावर पडला की त्याच क्षणी पान्हाही येतो, ब्लाऊज भिजतो. शरीर माझ्या घाबरण्याची वाट बघत नाही. मग मीही ते जाण्याची वाट बघत नाही. घाबरतच आ होईपर्यंत थांबेन.