लंडनमधले शू मास्तर

लंडनमध्ये निळ्या गोल पाट्या इतक्या आहेत की नंतर नंतर आपण त्यांच्याकडे बघणंच सोडून देतो, इथे हा राहिला, तिथे तो राहिला, चालू द्या. पण हॉलंड पार्क स्टेशनच्या मागे सेंट जेम्सेस गार्डन्समध्ये ३१ नंबरच्या घरावर एका चिनी लेखकाची पाटी आहे, लाओ शे, आणि ती बघून घरी आले ती मिळेल ते वाचतच सुटले.

खरं नाव शू छिंगछुन. बीजिंगच्या गरीब मांचू घरातले (मांचू म्हणजे तेव्हाच्या बादशहाची जमात). वडील बादशहाच्या फौजेत साधे शिपाई, १९०० साली परदेशी फौजा शहरात घुसल्या तेव्हा मारले गेले, आणि त्या फौजांमध्ये इंग्रजही होते. त्याच इंग्रजांना चिनी शिकवायला हे १९२४ मध्ये लंडनला आले, स्कूल ऑफ ओरिएंटल स्टडीजमध्ये, म्हणजे आजचं सोआस. (पुढे तिथेच इयन रेसाईड मराठी शिकवायचे, 'गारंबीचा बापू' इंग्रजीत नेणारे!) पगार वर्षाला २५० पौंड. वर्गात सत्तरीतले आजोबा, शाळकरी पोरं, बँकेने पाठवलेले कारकून, लष्करातले अधिकारी, सगळी खिचडी. शू मास्तरांच्या मते लष्करवाले मन लावून शिकायचे, बँकवाल्यांचा आनंदच होता.

राहायचं कुठे हा प्रश्न तेव्हाही होताच. चिनी भाडेकरू म्हटलं की बरीच दारं बंद. त्यांच्या 'अर मा' कादंबरीत लंडनला आलेल्या चिनी बाप-लेकासाठी खोली बघायला गेलेल्या पाद्रीबाबांना घरमालकीण ऐकवते, माझ्या घरात उंदीर शिजवू देणार नाही म्हणून. वाचताना हसू येतं आणि मग येत नाही. आपल्याला इथे 'करी स्मेल'वरून ऐकवतात त्याचीच ही थोरली बहीण.

मास्तरांची सोय मात्र वेगळी लागली. क्लेमंट एजर्टन नावाचे गृहस्थ चिनी शिकत होते, ते म्हणाले घर आपण मिळून घेऊ, भाडं तुम्ही भरा, जेवणाचं मी बघतो, तुम्ही मला चिनी शिकवा, मी तुम्हाला इंग्रजी. तेच हे ३१ नंबर. एजर्टनसाहेबांनी तिथे 'चिन फिंग मेइ' या जुन्या आणि भलत्याच चावट चिनी कादंबरीचा अनुवाद करायला घेतला, आणि अडलं की शेजारी मास्तर होतेच. पुस्तक आलं १९३९ मध्ये, चार खंड, चावट भाग चक्क लॅटिनमध्ये! अनुवादक म्हणून नाव एकट्या एजर्टनचं, शू मास्तर अर्पणपत्रिकेत, 'माझे मित्र' म्हणून. एजर्टनने प्रस्तावनेत त्यांचे आभार अगदी मनापासून मानलेत, पण एवढं काम केलेल्या माणसाचं नाव मुखपृष्ठावर हवं होतं असं मला तरी वाटतं.

स्वतःचं लिखाण सुट्ट्यांमध्ये, कॉलेजच्या सामसूम लायब्ररीत बसून. पहिल्या तीन कादंबऱ्या लंडनमध्येच झाल्या, छापून आल्या शांघायच्या मासिकात. १९२९ मध्ये त्यांनी लंडन सोडलं. पुढे चीनमध्ये खूप नाव झालं, आणि १९६६ मध्ये माओच्या सांस्कृतिक क्रांतीत रेड गार्ड्सनी, म्हणजे माओच्या तरुण पोरांच्या टोळ्यांनी, भर लोकांत मारहाण केली, दुसऱ्याच दिवशी त्यांनी तळ्यात जीव दिला. बीजिंगमध्येच, आपल्याच लोकांत.

आवाज ऐकायचा असेल तर लंडनमध्ये असताना त्यांनी लिंग्वाफोन या रेकॉर्डवरून भाषा शिकवणाऱ्या कंपनीसाठी चिनी धड्यांच्या रेकॉर्ड्स केल्या होत्या, त्या नेटवर सापडतात. उच्चार एकदम खणखणीत.