रामशेज, कुत्र्याला घेऊन

नाशिकला डोंगरांना तोटा नाही, पण कुत्र्याला घेऊन कुठे जायचं म्हटलं की यादी झपकन आटते. हरिहरच्या उभ्या पायऱ्यांवर माणसालाच खोबणीत बोटं रोवून चढावं लागतं, तिथे कुत्र्याचं नावच नको. अंजनेरी संवर्धन राखीव क्षेत्र आहे, शिवाय माकडं. ब्रह्मगिरीवर माकडं आणि यात्रेकरू दोन्ही. पांडवलेणी संरक्षित स्मारक, आणि सकाळी निम्मं शहर तिथे चढ-उतार करत असतं. उरतो रामशेज किल्ला. आमच्या चिंगीला (गावठी, तांबडी, अंगाने सडसडीत) तो मानवला. तुमच्याही कुत्र्याला मानवेल, फक्त वेळ आणि मोसम सांभाळा.

पेठ नाक्यावरून पेठ रस्ता धरायचा, आरटीओ कार्यालय मागे टाकायचं आणि आशेवाडीच्या फाट्याला आत वळायचं. शहरापासून पंधराएक किलोमीटर. गड सुटा उभा असल्याने रस्ता चुकायची भीती नाही. गावात गाडी लावताना कुणाच्या दारात किंवा खळ्यावर लावू नका, आणि कुत्र्याला उतरवण्याआधी पट्टा अडकवा. गावची कुत्री स्वागताला येतातच. आपण न थांबता, न ओरडता सरळ चालत राहिलं की हद्द संपताच ती परत फिरतात. चिंगीने शेपूट पोटाशी घेऊन ती गल्ली पार केली आणि पहिल्या पायरीशी पोचल्यावर मात्र मागे वळून भुंकली.

निघायची वेळ हा कळीचा मुद्दा. नाशिककर डोंगरावर पहाटे अंधारात निघतात. कुत्रं सोबत असेल तर तसं करू नका. या पट्ट्यात बिबट्या आहे आणि कुत्रं ही त्याची आवडती शिकार. चांगलं उजाडल्यावर चढायला लागा आणि ऊन तापायच्या आत खाली या. संध्याकाळचा सूर्यास्त वगैरे एकटे गेलात तर बघा. काळा कातळ फार लवकर तापतो. तळहाताची मागची बाजू दगडावर पाच-सात सेकंद टेकवून बघा. आपल्याला सोसवत नसेल तर तिच्या पंज्यांनाही सोसवणार नाही.

चढ पाऊण तासाचा, निवांत गेलं तर तासाभराचा. वाट मळलेली, बऱ्याच ठिकाणी पायऱ्या. थोडं वर गेलं की कातळाच्या पोटात रामाचं मंदिर लागतं. वनवासात राम इथे निजला म्हणून रामाची शेज, अशी श्रद्धा आहे. इथे कुत्रं आत न्यायचं नाही, एकाने बाहेर थांबायचं. मी चिंगीला घेऊन कडेला उभी होते, तर दर्शन घेऊन निघालेल्या एक आजी म्हणाल्या, “बाई, तिला आधी पाणी पाज, जीभ बघ केवढी बाहेर आलीये.” मंदिराच्या वाटेवर लोक अनवाणी चढतात, तेव्हा कुत्र्याची घाण उचलायला पिशवी न्याच आणि ती पिशवी खाली आणा. झुडपात भिरकावली तर उचलून उपयोग काय? रामनवमीला आणि श्रावणातल्या सुट्ट्यांना गर्दी उसळते, ते दिवस टाळा.

मंदिराच्या पुढे कातळात कोरलेल्या पायऱ्या आणि दरवाजा. पायऱ्या झिजलेल्या आहेत. चिंगी त्यातल्या एका उंच पायरीपाशी अडली, पुढचे पंजे वर, मागचे खाली, आणि माझ्याकडे बघत राहिली. अशा वेळी गळ्यातला पट्टा ओढायचा नाही. छातीला बांधायचा हार्नेस असेल तर एका हाताने अलगद उचलता येतं. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना हा चढ घडवू नका. त्यांना धापेनेच त्रास होतो.

माथा लांबट आणि मोकळा. खरं सुख इथे आहे. हवा स्वच्छ असेल तर उत्तरेला सातमाळा रांग दिसते, त्यात खाच पडलेला धोडप लगेच ओळखू येतो. जवळच देहेर आणि रडार असलेला भोरगड, दुसऱ्या अंगाला चामरलेणीचा डोंगर आणि त्यामागे पसरलेलं नाशिक. दृश्य कितीही मोकळं असलं तरी पट्टा सोडायचा नाही. पाण्याची टाकी उघडी आहेत, काठ सरळ तुटलेले. पाणी आपल्यासोबतचंच पाजा.

याच एवढ्याशा गडाने 1682 पासून पाच वर्षांहून अधिक काळ मोगलांना झुलवलं. गडावर लोखंडी तोफा नव्हत्या, तर मावळ्यांनी लाकडाच्या तोफा करून त्या चामड्याने मढवल्या, असं मोगलांचा इतिहासकार खाफीखान लिहितो. (आमची चिंगी शिबंदीत असती तर एका रात्रीत तोफखाना चावून मोकळी झाली असती.) सोन्याचा नाग हातात धरून पुढे निघालेल्या मोगलांच्या मांत्रिकाला गोफणीचा धोंडा बसला, हीही खाफीखानाचीच गोष्ट. भाच्याला ही माथ्यावर बसून सांगितली, तेव्हा मोबाईल आपोआप खिशात गेला.

मोसम म्हणाल तर पावसाळ्यात हिरवंगार असतं, पण दगड शेवाळलेले. दिवाळीनंतर हवा छान, फक्त वाळलेल्या गवताची कुसळं फार. उतरल्यावर चिंगीच्या पुढच्या पंज्यात, दोन बोटांच्या बेचक्यात एक रुतलेलं सापडलं; बारीक, काटेरी, पुढेच सरकत जाणारं. बोटांच्या फटी, कान, काख सगळं तपासा, आणि त्याच वेळी गोचीडही बघा. एप्रिल-मे सरळ सोडून द्या.

आणि एक खास आपल्याकडचं. परिसर दिंडोरी तालुक्याचा, म्हणजे द्राक्षांचा. कुत्र्याला द्राक्षं आणि बेदाणे विषारी असतात, थोड्यानेही मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. बागेच्या कडेला पडलेले मणी तिला हुंगूही देऊ नका. खाल्लेच तर लक्षणांची वाट न बघता थेट जनावरांचा डॉक्टर गाठा. परतताना मखमलाबादकडे मळ्यातली मिसळ खायची असेल तर बाहेर झाडाखाली बसा, कुत्र्याला बंद गाडीत ठेवू नका. शेव-पाव मागायला ती पायाशी येईलच, पण कांदाही तिला चालत नाही. आम्ही घरून भात-अंडं डब्यात नेलं होतं, ते तिने मिसळ यायच्या आधीच संपवलं.