कोल्हापूरचं पाणी लागलं म्हणून केस गळतात का?

तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर. “इथं आल्यापासून केसांचे पुंजके निघायला लागलेत, पाणी लागलं का?” कोकणातून लग्न होऊन आलेल्या मुली हे विचारतात, शिवाजी विद्यापीठाच्या वसतिगृहातले विद्यार्थी विचारतात, बोअरचं पाणी असलेल्या फ्लॅटमध्ये राहायला गेलेले तर हमखास विचारतात. उत्तर बहुतेक वेळा नाही असंच असतं. जड पाण्यातले क्षार केसाच्या बाहेरच्या थरावर बसतात. केस राठ होतो, शाम्पूला फेस येत नाही, विंचरताना गुंता होऊन केस मध्येच तुटतो. पण केस तयार होतो ते मूळ कातडीखाली काही मिलिमीटर खोल असतं आणि अंघोळीचं पाणी तिथं पोचत नाही.

म्हणून आधी केस तुटतोय की गळतोय ते बघा. कंगव्यातले वीस-एक केस पांढऱ्या कागदावर ठेवून उजेडात न्या. एका टोकाला बारीक पांढरा गाठीसारखा ठिपका असेल तर केस मुळापासून सुटलाय. ठिपका नाही आणि तुकडे लहान-मोठे आहेत, तर तो तुटलाय. मग दोष पाण्याचा, स्ट्रेटनिंगचा किंवा ओले केस विंचरण्याचा असू शकतो. तुटण्यावर रक्ताच्या तपासण्या करत बसायची गरज नाही.

मुळापासून सुटत असतील तर कॅलेंडर काढा आणि दोन ते तीन महिने मागे जा. सगळ्या तपासात मला हीच पायरी सर्वांत मोलाची वाटते, आणि नेमकी तीच वगळली जाते. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. त्यांतले ८५ ते ९० टक्के वाढत असतात, बाकीचे विश्रांतीत. शरीराला मोठा धक्का बसला की वाढणाऱ्यांपैकी बरेच केस एकदम विश्रांतीत जातात, पण लगेच पडत नाहीत. ते दोन-तीन महिने तसेच टिकतात आणि मग एकदम सुटतात. श्रावण-भाद्रपदात डेंग्यू किंवा टायफॉइड झाला, तर केस दसरा-दिवाळीच्या सुमारास जातात. तोवर ताप विसरलेला असतो आणि दोष नव्या शाम्पूवर जातो. लग्नाआधी झपाट्यानं उतरवलेलं वजन, बाळंतपण, ऑपरेशन, बंद केलेल्या गर्भनिरोधक गोळ्या, मेसचं अपुरं जेवण, सगळ्यांचा हिशेब असाच मागे मोजायचा. गाव बदललं त्याच काळात यातलंही काहीतरी घडलेलं असतं, पण नजरेत पाणी भरतं.

बुलढाण्यातल्या शेगाव भागात जानेवारी २०२५ मध्ये अनेक गावांत लोकांना काही दिवसांत टक्कल पडलं, तेव्हाही पहिला संशय पाण्यावरच गेला होता. पुढे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत, तसंच तिथल्या गव्हात सेलेनियम जास्त सापडल्याचं सांगितलं. तो प्रकार वेगळा, तडकाफडकी झालेला. पण सेलेनियम किंवा अ जीवनसत्त्व जास्त झालं तरी केस जातात, हे ‘केसांच्या गोळ्या’ मनानं घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

लांब केस असतील तर घरी करता येईल अशी एक चांगली चाचणी आहे. पाच दिवस केस धुवू नका. मग न्हाणीच्या जाळीवर मलमलचं फडकं पसरून धुवा, फडक्यावरचे सगळे केस गोळा करून वाळवा आणि मोजा. तीन सेंटिमीटरपेक्षा लहान, बारीक केस वेगळे काढा. एकूण शंभराच्या वर आणि त्यांत लहान केस दहा टक्क्यांहून कमी, तर वर सांगितलेला धक्क्याचा प्रकार. शंभराच्या आत, पण लहान केस दहा टक्के किंवा जास्त, तर केस पिढीजात पद्धतीनं बारीक होत चाललेत. दोन्ही जास्त असतील तर दोन्ही कारणं एकत्र, आणि हे बायकांत बरंच दिसतं. ही चाचणी गळतीचा प्रकार ओळखायला आहे, नुसता शंभराचा आकडा म्हणजे आजार नव्हे. रोज ५० ते १०० केस जाणं स्वाभाविकच आहे. न धुतलेल्या दिवसांचे केस धुण्याच्या दिवशी एकदम निघतात, तेवढ्यानं घाबरू नका.

जागाही बोलते. बायकांत भांग रुंदावतो पण कपाळावरची रेघ शाबूत राहते, पुरुषांत कोपरे आणि टाळू आधी उघडी पडते, हा पिढीजात प्रकार. त्याच्या जोडीला पाळी अनियमित आणि हनुवटीवर राठ केस असतील तर पीसीओएसचा (बायकांतल्या संप्रेरकांच्या बिघाडाचा) तपास हवा. घट्ट वेणीनं कानशिलाजवळचे केस जातात.

रक्ततपासणीत सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (लोहाचा साठा) आणि टीएसएच (थायरॉइड) एवढ्यानं सुरुवात पुरते. बी-१२ आणि ड जीवनसत्त्व डॉक्टर लक्षणं बघून सांगतील. हिमोग्लोबिन बारा आलं म्हणून लोहाचा साठा ठीक आहे असं होत नाही. फेरिटिन ३० च्या खाली असेल तर साठा रिकामा धरायचा. तापात आणि जंतुसंसर्गात ते खोटं वाढतं, म्हणून ताप उतरल्यावर तीन-चार आठवडे थांबून तपासा. बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर निदान दोन-तीन दिवस आधी बंद ठेवा, नाहीतर थायरॉइडचा आकडा फसवतो. “आमच्यात मटण होतं की, लोह कसं कमी?” हेही नेहमीचं. तांबड्या रश्श्याचा लाल रंग मिरचीचा. लोह फोडीत आणि कलेजीत, आणि घरातल्या बाईच्या ताटात फोडी किती पडतात ते बघावं लागतं. त्यात पाळीला रक्तस्राव जास्त असेल तर साठा भरतच नाही. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या, चहा-दूध आणि कॅल्शियमपासून निदान दोन तास लांब. थायरॉइडची गोळी चालू असेल तर दोन्हींत चार तास ठेवा.

कारण कळायच्या आत मिनोक्सिडिल (केस वाढवायचं औषध) सुरू करू नका. पहिल्या दोन महिन्यांत त्यानं गळती वाढू शकते, मग मूळ गळती कुठली आणि औषधाची कुठली ते उमगत नाही.

काही खुणा दिसल्या तर मात्र कॅलेंडर बाजूला ठेवून थेट त्वचारोगतज्ज्ञ गाठा. सीपीआरमध्ये (कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात) केसपेपर काढला तरी चालेल. केस गेलेली गुळगुळीत गोल चकती म्हणजे चाई. लहान मुलाच्या डोक्यात कोंडा, तुटक काळे ठिपके आणि मानेत गाठी म्हणजे बहुधा बुरशी, तिला पोटातून औषध लागतं. दुकानातून आणलेल्या मिश्र मलमात बऱ्याचदा स्टिरॉइड असतं आणि त्यानं ती आणखी पसरते. टाळूवर आग, खाज, आणि जिथले केस गेले तिथली कातडी चकचकीत, छिद्रंच न दिसणारी, हे सगळ्यांत तातडीचं. तिथं मूळच मरतं आणि गेलेले केस परत येत नाहीत.

धक्क्याची गळती कारण दूर झाल्यावर साधारण तीन ते सहा महिन्यांत थांबते. नवा केस महिन्याला सेंटिमीटरभर वाढतो, त्यामुळे वेणीची जाडी भरून यायला वर्ष-दीड वर्ष लागतं. दर महिन्याला एकाच खिडकीशी, एकाच जागी भांग पाडून फोटो काढा. कंगव्यातले केस रोज मोजण्यापेक्षा त्यातून जास्त कळतं.