शेळ्यांची रेघ

मामांचा फोन आला तेव्हा डोंगराच्या फिल्मचं काम करून देऊन तीन आठवडे झाले होते. मी संगणकावर एका गृहप्रकल्पाच्या बागेत हिरवळ पेरत बसलो होतो.

"भाच्या, आपला डोंगर बघितला का रं? सगळा झाडानं भरलाय. अन् मला कुणी सांगितलं सुदीक न्हाई."

मी म्हटलं, फोटो पाठवा. आला. डाव्या बाजूला उघडाबोडका डोंगर, खाली 'पूर्वी'. उजव्या बाजूला तोच डोंगर झाडांनी भरलेला, खाली 'आता'. उजवा फोटो नव्हताच. ते मी संगणकावर केलेलं चित्र होतं.

छत्रपती संभाजीनगरात आमचा तिघांचा छोटा स्टुडिओ आहे. इमारतींची चित्रं करून पोट भरतो, डोंगर-जंगलाचं काम वर्षाकाठी एखादं येतं. हे काम जलसंधारण करणाऱ्या एका संस्थेचं होतं. बीड जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यातला बालाघाटाच्या रांगेतला एक डोंगर, आजचा आणि चर खोदून झाडं लावल्यावर दहा वर्षांनी दिसेल तो, अशी चाळीस सेकंदांची फिल्म हवी होती. नकाशा उघडला तर डोंगर माझ्या आजोळचा निघाला. लहानपणी सुट्ट्यांत तिथं शेळ्यांमागं हिंडलेलो. पैसे कमी होते तरी काम घेतलं, आणि ठरवलं की हा डोंगर चुकता कामा नये.

डोंगराचा सांगाडा फुकट मिळतो. फेब्रुवारी 2000 मध्ये एन्डेव्हर या अवकाशयानानं अकरा दिवस रडार फिरवून पृथ्वीच्या बहुतेक जमिनीची उंची मोजली, तीच माहिती आम्ही वापरतो. पण तिच्यात दर 30 मीटरला एकच आकडा असतो. आल्प्ससारख्या अजस्र पर्वताला तेवढं पुरतं. बालाघाटाची सगळी ओळख मात्र पाच-दहा मीटरच्या पायऱ्यांत आहे, आणि नेमक्या त्याच त्या जाळीतून गळून जातात. पहिल्यांदा डोंगर पडद्यावर आला तेव्हा तो उन्हात ठेवलेल्या गुळाच्या ढेपेसारखा दिसत होता.

मग पायऱ्या हातानं घालायच्या. आपला दख्खनचा दगड लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालेला. भूगर्भवाले त्याला 'ट्रॅप' म्हणतात, तो शब्द स्वीडिश भाषेतल्या जिन्यावरूनच आलाय. घट्ट काळा पाषाण उभा तुटतो, त्याचा कडा होतो. त्याच्या खालचा मऊ मांजऱ्या झिजतो, त्याचा उतार होतो. विहीर खणणाऱ्या कुठल्याही माणसाला हे माहीत असतं, पण सॉफ्टवेअरला नसतं. झीज करणारा प्रोग्राम डोंगरावर लाखो थेंब सोडतो. थेंब उतारावर वेग घेतो, माती उचलतो, वेग मंदावला की टाकून देतो. सगळा दगड सारखाच धरला तर या खेळातून धारदार सुळके निघतात, हिमालयाची पोरं. मी थराथराला वेगळा कठीणपणा दिला, तेव्हा कुठे थेंब मऊ थरात शिरून कड्याखाली पोखरू लागले. नऊ दिवस त्यात गेले. दहाव्या दिवशी खिंडीच्या डाव्या अंगाच्या तीन पायऱ्या जशाच्या तशा उठल्या, तेव्हा मी खुर्चीतून उठून आईला व्हिडिओ कॉल लावला.

झाडांचं दुखणं निराळंच. संगणकावर वापरायची तयार झाडं बाजारात विकत मिळतात, त्यांत बहुतेक पाईन, ओक आणि बीच, थंड मुलुखातली. मराठवाड्याचा डोंगर म्हणून कुणी असली झाडं खपवली की माझं डोकं फिरतं, आणि आमच्या धंद्यात सर्रास खपवतात. बघणाऱ्याला काय कळतंय, म्हणतात. बघणाऱ्याला नाव सांगता येत नाही, पण काहीतरी खोटं आहे हे त्याला बरोबर कळतं.

कडुनिंब, बाभूळ, बोर, हिवर, सीताफळ आणि पळस मी स्वतः केले. फांद्यांसाठी लिंडेनमायर या जीवशास्त्रज्ञाची पद्धत वापरली. शैवालाची वाढ समजावी म्हणून त्यानं 1968 साली नियम मांडले होते, एका भागाच्या जागी दोन, दोनाच्या जागी आणखी. त्यात फांदीचा कोन घातला की झाड उभं राहतं, मात्र कोन झाडाखाली उभं राहूनच मोजावा लागतो. बाभळीच्या सालीचे ढगाळ दिवशी चौफेर दीडशे फोटो काढले, कारण उन्हात काढले तर सावली सालीतच छापली जाते. निंबाची पानं स्कॅनरवर पालथी आणि सुलटी, दोन्ही बाजूंनी ठेवली. पानामागून ऊन आलं की ते आतून पिवळट उजळतं. तेवढं साधलं नाही तर सगळं जंगल प्लास्टिकचं होतं.

पेरताना पाणी कुठं साचेल ते आधी काढलं. ओघळीत आणि चरांच्या वरच्या अंगाला दाट, मुरमावर विरळ, कड्यावर काहीच नाही, उत्तरेच्या उतारावर थोडं जास्त, कारण तिथं ओल टिकते. एकूण नव्वद हजार झाडं. संगणक प्रत्येक नमुना एकदाच लक्षात ठेवतो आणि बाकीच्यांच्या फक्त जागा, म्हणून जमतं. एक हजार फ्रेम, प्रत्येकीला अकरा मिनिटं, दोन मशीन. सलग जवळजवळ चार दिवस. आम्ही फिल्म थेट काढत नाही, एकेक चित्र काढतो, म्हणजे लाईट गेली तर एकच फ्रेम जाते. लाईट तीनदा गेली.

एवढं करूनही पायथा खोटा वाटत होता. काय चुकतंय ते दोन दिवस कळेना. मग आठवलं. शेळी मागच्या पायांवर उभी राहून पोचेल तिथवर पाला ओरबाडते. म्हणून आपल्याकडच्या बोरी खालून पट्टीनं कापल्यासारख्या सरळ असतात, लांबून एक रेघ दिसते. मी पायथ्याच्या जुन्या बोरी-हिवरांना सहा फुटांवर ती रेघ दिली आणि डोंगर जागा झाला. संस्थेचे साहेब म्हणाले, आमच्या योजनेत चराईबंदी आहे, ही रेघ काढा. मी म्हटलं, बंदी वर आहे, पायथा गावाचा आहे. तासभर वाद घातला आणि रेघ राखली.

मामा 2013 च्या उन्हाळ्यात गाव सोडून गेले. त्या दुष्काळात आधी बैल विकले, मग शेळ्या. तेव्हापासून चाकणला एका कंपनीच्या गेटवर वॉचमन आहेत. गावाला लग्नामयतीला येतात आणि त्याच रात्री परततात, डोंगराकडं जात नाहीत. त्या फोनपर्यंत अकरा वर्षं झाली होती. मी दहा वर्षांची झाडं केली होती. चित्र त्यांच्या हिशेबात चपखल बसलं.

"फोटू खोटा असंल म्हणून आधी नीट बघितलं," ते म्हणाले. "मोबाईलवर काय बी येतं. पण खालच्या बोरी बघ की. शेळ्यांनी खाल्लेल्या हायेत. म्हणजी गावात चारा हाये." मग आवाज खाली आणून म्हणाले, "इथल्या साहेबाला सांगितलंय, पाडव्यापसून न्हाई येत म्हणून. चार शेळ्यांनी सुरुवात करतो. तुझी मामी बी तयार हाये."

मी सांगितलं. मामा, ते मी केलंय. संगणकावर. डोंगर अजून तसाच आहे.

त्यांना पहिल्यांदा कळलंच नाही. दुसऱ्यांदा सांगितल्यावर ते बराच वेळ बोलले नाहीत, मागून ट्रकचा हॉर्न ऐकू येत राहिला. मग "बरं," म्हणाले आणि फोन ठेवला.

मी चित्राच्या कोपऱ्यात 'संकल्पचित्र' असं लिहून दिलं होतं. ते कुणीतरी कापलं, आणि 'आज'चं 'पूर्वी', 'दहा वर्षांनंतर'चं 'आता' केलं. संस्थेला विचारलं तर म्हणाले, आमच्याकडून झालेलं नाही, पण चांगलंच आहे की, लोकांना प्रेरणा मिळते. प्रेरणा कुणाला मिळाली ते मी त्यांना सांगितलं. ऐकून घेतलं त्यांनी. आता असल्या कामात मी अक्षरं कोपऱ्यात टाकत नाही, डोंगराच्या अंगावरच टाकतो, झाडांवरून आरपार. दोन गिऱ्हाइकं त्यावरून तुटली.

मामांची नोकरी राहिली, साहेबानं परत ठेवून घेतलं. पाडव्याला ते गावी आले आणि स्वतःहून म्हणाले, चल. आम्ही डोंगराकडं गेलो. चर खरंच खोदले होते, चांगले खोदले होते. चरांत गुडघ्याएवढी रोपं, काही वाळलेली, निंबाची बरीचशी तगलेली. मामांनी एकेक वाकून पाहिलं.

पायथ्याला जुनी बोर आहे. तिच्याखाली उभं राहून मामांनी हात वर केला, तर कोपर पुरतं सरळ व्हायच्या आतच बोटं पाल्याला लागली. त्यांनी फोन काढला, चित्र मोठं केलं आणि फोन बोरीशेजारी धरला.

"तू रेघ वर धरलीस," म्हणाले. "वीतभर खाली पायजे."

संभाजीनगरला परत आल्यावर त्याच रात्री ती फाईल उघडली आणि रेघ वीतभर खाली घेतली. ती कुणाला पाठवलेली नाही.