मोटर चालू, पंप बंद

घरी बिअर करायची म्हटलं की अख्खा दिवस जातो, पण त्यातला बराचसा नुसता बसण्यात जातो. पाणी तापेपर्यंत बसा, माल्ट (मोड आणून वाळवलेलं जव) मुरेपर्यंत बसा, उकळी फुटेपर्यंत बसा. पाच-सहा तासांत खरी धावपळ जेमतेम तासाभराची, आणि साधनं बिघडायची ती नेमकी त्याच तासात. आपण हातावर हात ठेवून बसलोय आणि नळीचा क्लॅम्प सुटला, असं होत नाही. एका हातात गरम पातेल्याची कडी, दुसऱ्या हातात हॉप्सची, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांची, पुडी असली की मग तो सुटतो.

परवा पंप गेला. मॅश नुकताच लावला होता, म्हणजे भरडलेलं माल्ट ६६ अंशांच्या पाण्यात मुरत होतं. जाळीखालून रस ओढून तो परत वर सोडायचं काम पंपाचं. वरून पडणारी धार बारीक झाली, मग थेंब थेंब आली, मग तीही थांबली. मोटर मात्र मजेत गुणगुणत होती. या छोट्या पंपांची रचना मोठी गमतीची असते. मोटर आणि आतलं पातं एकमेकांना कुठेही जोडलेले नसतात. मोटर तिच्या बाजूचं चुंबक फिरवते आणि मधल्या भिंतीपलीकडचं पात्यावरचं चुंबक त्या ओढीने फिरतं. त्यामुळे गळती होत नाही, हा फायदा. तोटा असा की पातं अडकलं तरी मोटरला त्याचा पत्ता नसतो. कानाला सगळं आलबेल.

स्क्रू काढून पंपाचं डोकं उघडलं तर जवाच्या सालाचा एक तुकडा, नखाएवढा, पात्याच्या पाकळीखाली घट्ट दडपून बसलेला. चिमट्याने काढला, डोकं परत बसवलं, मोटर चालू केली. पुन्हा गुणगुण, पुन्हा धार नाही. कारण आता आत हवा शिरली होती, आणि हे पंप स्वतःहून रस ओढून घेत नाहीत. आधी त्यांच्या पोटात रस भरलेला लागतो, मगच ते पुढे ढकलतात. पंप वाकडा करून, नळी वरखाली करून, टिचक्या मारून झालं. शेवटी मोठं ओगराळं घेतलं, तळाच्या व्हॉल्व्हमधून रस भांड्यात काढला आणि हाताने वर ओतत बसलो.

या सगळ्या खटाटोपात मॅशचं काय झालं? काहीही झालं नाही. माल्टमधली एन्झाइम्स पंपाची वाट पाहत नाहीत. त्यातलं बीटा अमायलेज नावाचं एन्झाइम ६० ते ६५ अंशांवर खुशीत असतं, अल्फा अमायलेज ७०च्या आसपास. आपण ६५ ते ६८च्या मधला सौदा करतो आणि दोघांनाही कामाला लावतो. हल्लीचं माल्ट असं तयार असतं की स्टार्चची साखर होण्याचं मोठं काम पहिल्या अर्ध्या तासातच उरकतं. नीट झाकलेलं पातेलं तेवढ्या वेळात फार तर एखाद-दोन अंश गमावतं. बशीत थोडा रस घेऊन त्यात आयोडीनचा थेंब टाकला. स्टार्च शिल्लक असतं तर निळसर काळा डाग उमटला असता. (सालाचा कण आला तर तो काळा पडतोच, तेव्हा रस निवळ हवा. आणि बशीतला रस नंतर फेकून द्यायचा, पातेल्यात परत नाही.) थेंब तपकिरीचा तपकिरीच राहिला. मी घाम पुसत होतो तेव्हा तिकडे काम कधीच झालेलं होतं.

तेव्हापासून माझा एक लाडका समज झालाय: बिअर करण्याच्या साधनांतली निम्मी बिअरसाठी नसतात, करणाऱ्याच्या जिवाला स्वस्थता म्हणून असतात. आग हवी, भांडं हवं, गाळायला काहीतरी हवं, गार करायची सोय हवी. बाकीची बरीचशी आपल्याला 'सगळं ठीक चाललंय' असं सांगण्यासाठी. आणि बिघाडाच्या दिवशी आधी हात-पाय गळतात ते याच दुसऱ्या जातीच्या साधनांपायी.

थर्मोमीटरचंच घ्या. तो नसेल तर मॅश लावायचा तरी कसा, असं आज वाटतं. पण १७६२मध्ये मायकेल कॉम्ब्रुन नावाच्या इंग्लिश ब्रूअरने, म्हणजे बिअर बनवणाऱ्याने, बिअरच्या कामात थर्मोमीटर कसा वापरावा हे पुस्तकात मांडलं, तेव्हाही ती नवलाई होती. त्याआधीचे लोक पाणी उकळायचे, थोडं निवू द्यायचे, आणि वाफ विरून पाण्यात आपला चेहरा दिसू लागला की माल्ट घालायचे. मध्य युरोपातल्या ब्रूअरांची तऱ्हा याहून हुशारीची. मॅशचा एक भाग वेगळा काढून उकळायचा आणि परत त्यात मिसळायचा. उकळीचं तापमान ठरलेलं असतं, त्यामुळे किती भाग काढला यावर एकूण मॅश किती चढणार हे ठरतं. अंश मोजायची गरजच नाही, वाटा मोजला की झालं. जिथे भांडी लाकडाची होती आणि ती चुलीवर ठेवता येत नव्हती, तिथे दगड लालबुंद तापवून आत सोडत. शाळेत ज्याच्या नावाचं ऊर्जेचं एकक आपण पाठ केलं तो जेम्स जूल ब्रूअरच्याच घरातला. अंशाचे बारीक बारीक भाग थर्मोमीटरवर वाचण्याचा त्याचा हट्ट त्या घराण्यात फारसा परका वाटला नसावा.

थर्मोमीटर फुटला तर मला आता फारसं वाटत नाही. धास्ती वाटते ती न फुटलेल्या थर्मोमीटरची. डिजिटल काडीच्या सांध्यातून आत ओल शिरली की तो बंद पडत नाही, बिनदिक्कत आकडे दाखवत राहतो. कधी चार अंश जास्त, कधी सहा कमी. रसात तरंगून त्याची घनता, म्हणजे साखर किती ते, सांगणारा हायड्रोमीटर तर त्याहून बेरकी. काचेच्या दांड्यात आकड्यांचा कागद नुसता चिकटवलेला असतो. धक्क्याने तो जरासा घसरला की प्रत्येक मोजणी तेवढ्याने चुकते. काच शाबूत, तरंगणं शाबूत, फक्त खरं बोलणं बंद. म्हणून कामाच्या आदल्या दिवशी हायड्रोमीटर २० अंशांच्या स्वच्छ पाण्यात सोडून बघायचा, १.००० दाखवतो का ते. थर्मोमीटर बर्फाच्या लगद्यात बुडवायचा, शून्य आलं पाहिजे. मग उकळत्या पाण्यात, आणि तिथे आपण समुद्रसपाटीपासून किती उंचीवर आहोत ते लक्षात ठेवायचं. दर ३०० मीटरला उकळबिंदू साधारण एका अंशाने उतरतो, त्याचं खापर बिचाऱ्या थर्मोमीटरवर नको.

याखेरीज बिघाडाची आणखी एक जात आहे, आपल्याला सवयीची झालेली. माझ्या पातेल्याचा व्हॉल्व्ह टपकतो. पहिल्यांदा टपकला तेव्हा मी सगळं सोडून धावलो होतो. आता खाली वाटी ठेवतो. या वाटीकडे पाहिलं की मला लंडनमधला १७ ऑक्टोबर १८१४चा दिवस आठवतो. हॉर्स शू ब्रूअरीतल्या २२ फूट उंच लाकडी पिंपाचं एक लोखंडी कडं दुपारी साडेचारच्या सुमाराला निसटलं. कडं सुमारे ३२० किलोंचं. तिथल्या जॉर्ज क्रिक नावाच्या कारकुनाने ते पाहिलं, पण असं कडं वर्षातून दोन-तीनदा निसटायचंच, म्हणून कोणी घाबरलं नाही. वरिष्ठांनीही काही होणार नाही म्हणून सांगितलं. दुरुस्तीसाठी चिठ्ठी तेवढी लिहायची होती. तासाभरात पिंप फुटलं, आतली पोर्टर नावाची काळपट बिअर भिंत पाडून मागच्या गरीब वस्तीत घुसली आणि आठ जणांचा जीव गेला. माझ्या वाटीचं आणि त्या पिंपाचं मोजमाप एक नाही, हे मलाही कळतं. पण 'हे नेहमीच होतं' हे वाक्य ती हकिगत कळल्यापासून मला सुखाचं वाटत नाही.

घरगुती कामात सगळ्यात जपायचं ते उकळत्या रसाला. साखरेमुळे तो पाण्यासारखा ओघळून जात नाही, कातडीला चिकटून राहतो. नळी सुटली की हाताने पकडायला जायचं नाही. आधी आग बंद, मग व्हॉल्व्ह बंद, सांडलेल्या बिअरचा विचार त्यानंतर. उकळीच्या मध्येच गॅस संपला तर लोक इतके हवालदिल का होतात, हेही मला कळत नाही. हॉप्समधला कडवटपणा उतरायला उकळीजवळचं तापमान लागतं, तेव्हा बिअर थोडी कमी कडू होईल. सिलिंडर बदला, पुन्हा उकळी आणा, राहिलेली मिनिटं पुढे मोजा. ज्योत पिवळी पडून पातेलं काजळलं, तर गॅसला दोष देण्याआधी बर्नरच्या नळीत डोकावून बघा. ठेवून दिलेल्या बर्नरमध्ये कोळ्यांना बिऱ्हाड करायला फार आवडतं. जाळ्याने हवेची वाट अडते आणि गॅस अर्धवट जळतो. बाटली धुवायच्या बारीक ब्रशने काम भागतं.

गंमत म्हणजे मॅशच्या वेळी काहीही मोडलं तर वेळच वेळ असतो. खरी घाई असते ती उकळी संपल्यावर. रस ६०च्या खाली आला की जंतूंना मोकळं रान. म्हणून तांब्याच्या नळीचं वेटोळं आत सोडायचं, त्यातून गार पाणी फिरवायचं आणि होता होईल तो लवकर २०पर्यंत उतरायचं. आणि नेमका या घाईत त्या वेटोळ्याचा सांधा गळायला लागतो. गळण्याचं तोंड पातेल्याच्या बाहेर असेल तर पायाशी तळं, एवढंच. पण पातेल्यावर असेल तर नळाचं कच्चं पाणी थेट रसात ठिबकतं. तेव्हा सांधा कितीही घट्ट असला तरी त्याचं तोंड पातेल्याबाहेर राहील अशीच नळी वाकवायची.

आणि वेटोळं पार कामातून गेलं तर? यावरचा उतारा ऑस्ट्रेलियातल्या घरगुती मंडळींनी रूढ केला. तिकडे पाण्याची टंचाई, गार करायला इतकं पाणी ओतणं त्यांना पटेना. त्यांनी गारच करायचं सोडून दिलं. उकळता रस, उष्णता सोसणाऱ्या खाद्यपदार्थांसाठीच्या जाड प्लास्टिकच्या कॅनमध्ये काठोकाठ भरायचा, दाबून हवा बाहेर काढायची, झाकण घट्ट लावायचं, आणि कॅन आडवा करून झाकणाच्या आतल्या बाजूलाही तो गरम रस लागू द्यायचा. मग रात्रभर आपोआप निवू द्यायचा. दुसऱ्या दिवशी यीस्ट घालायचं, मात्र दुसऱ्याच दिवशी. असा बंद रस दिवसेंदिवस ठेवण्याइतका आंबट नसतो, आणि हवा नसलेल्या जागी वाढणारे जंतू फार वाईट. बराच वेळ गरम राहिल्याने हॉप्स आणखी कडवट उतरतात, म्हणून शेवटी टाकायचे हॉप्स कमी करायचे. मला ही पद्धत इतकी आवडली की चिलर, म्हणजे ते वेटोळं, धडधाकट असतानाही मी कधीकधी ती वापरतो. चिलरच्या तोंडावर असं सांगू नये, पण त्याच्याशिवाय माझी झोप जास्त चांगली लागते.

एवढं सगळं झाल्यावर सुट्या भागांचा एक डबा माझ्याकडे असणं ओघानेच आलं. त्यात टेफ्लॉन टेप आहे, सिलिकॉनची हातभर नळी आहे, क्लॅम्प आहेत, घड्याळी सेल आहेत, एक जादा हायड्रोमीटर कापसात गुंडाळून ठेवलाय. पंपाचं नवं पातंही आता त्यात आलंय, त्यामुळे जुना पंप काही पुन्हा अडकेल असं वाटत नाही. व्हॉल्व्हसाठी वॉशरही आहेत, तीन वेगवेगळ्या मापांचे. व्हॉल्व्हला चौथं लागतं.