सरकारी पैशाचं संशोधन आपल्यापर्यंत यायला हवं

मी पंचवटीत राहते, शाळेत विज्ञान शिकवते. उपग्रहांचा धडा आला की मुलांना 10 फेब्रुवारी 2009 चा अपघात सांगतेच. सायबेरियाच्या वर, सुमारे 790 किलोमीटर उंचीवर, अमेरिकेचा चालू असलेला इरिडियम-33 आणि रशियाचा बंद पडलेला कॉसमॉस-2251 एकमेकांवर आदळले आणि त्यांचे तुकडे अंतराळात पसरले. या कचऱ्यावर एकट्या देशानं नजर ठेवणं कठीण. म्हणून युरोपातले देश रडार-दुर्बिणींची निरीक्षणं एकत्र करतात, इस्रोनंही बंगळुरूत केंद्र उभारलंय. असा खर्च सरकारनं करायलाच हवा.

चेहरा ओळखण्याच्या संशोधनाबाबत मात्र मी जास्त हट्टी आहे. 2018 च्या एका अभ्यासात चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे ठरवताना गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत यंत्रणांची चूक 1 टक्क्याच्या आत होती, सावळ्या-काळ्या बायकांच्या बाबतीत 34.7 टक्क्यांपर्यंत! सिंहस्थात रामकुंडावर हरवलेली आजी कॅमेऱ्यानं सापडली तर मला आनंदच आहे. 2003 ची चेंगराचेंगरी आम्ही विसरलेलो नाही. पण पेठ-सुरगाण्याहून आलेल्या, उन्हानं रापलेल्या, डोक्यावर पदर घेतलेल्या बाईवर ती यंत्रणा तपासली का, किती चुकली, फोटो कधी पुसणार, हे कॅमेरे लावण्याआधी मराठीत जाहीर करा.